एका दिवसात इस्तंबूल कसे उरकावे

सगळ्यात आधी वार नीट निवडा. मंगळवार उत्तम. मंगळवारी तोपकापी राजवाडा बंद असतो, म्हणजे यादीतली एक जागा दारावरची पाटी वाचूनच उरकते. रविवारही वाईट नाही, कारण त्या दिवशी ग्रँड बाजाराला सुट्टी असते आणि गालिचा घेण्याचा तुमचा मोह बंद दाराशीच विरतो. सोमवारी दोल्माबाह्चे राजवाडा बंद. आपल्या सहलीत हे तिन्ही वार येत असतील तर वेळापत्रक आखणारा माणूस हिऱ्यासारखा समजा. आमचे आखणारे भाऊजी होते, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. सेवानिवृत्त आहेत आणि एक्सेलमध्ये पारंगत. त्यांच्या तक्त्यात इस्तंबूलला एक दिवस होता, सकाळी आठ ते रात्री आठ, त्यात जेवणाला पंचवीस मिनिटे.

सकाळी आया सोफिया. इथे परदेशी पाहुण्यांकडून २५ युरो घेतात आणि वरच्या सज्ज्यात सोडतात, कारण खाली नमाज चालते. रांगेत उभे राहून युरोचे रुपये करत राहा आणि त्या पैशांत कोकणात किती दिवस राहता आले असते ते घरच्यांना मोठ्याने सांगा. त्याने वास्तूची गोडी वाढते. ५३७ साली जस्टिनियन बादशहाने ती पुरी केली तेव्हा चर्च होते, १४५३ नंतर मशीद झाली, १९३५ मध्ये संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद. हे सगळे गाईड सांगत असताना आपण घुमटाखाली सेल्फीचा कोन शोधावा. चेहरा आला तर घुमट येत नाही आणि घुमट आला तर चेहरा. घुमट सोडा. तो दीड हजार वर्षे आहे तिथेच आहे.

सज्ज्याच्या संगमरवरी कठड्यावर मात्र एक क्षण थांबायला हरकत नाही. हजारेक वर्षांपूर्वी कोणा व्हायकिंगाने तिथे आपले नाव खरवडून ठेवले आहे. बहुतेक अक्षरे झिजली, ‘हाल्फदान’ एवढे लागते. बादशहाच्या पदरी पहाऱ्याला असेल, लांबलचक प्रार्थना चालली असेल, कळत काही नसेल, हातात पाते असेल. गडाच्या तटावर बाण मारलेला बदाम काढून नावे कोरणाऱ्या आपल्या पोरांना आपण उगाच नावे ठेवतो. हजार वर्षे थांबा, त्यांच्याही अक्षरांसमोर रांग लागेल.

तिथून समोरच जमिनीखालचे पाण्याचे टाके. ३३६ खांब, अंधार, पायाखाली उथळ पाणी. दोन खांबांखाली मेदुसाची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या केसांच्या जागी साप असलेल्या बाईची, मुंडकी आहेत, एक उलटे आणि एक आडवे. का, याची गाईड तीन कारणे देईल. जे सर्वांत भयंकर असेल ते घरी सांगायला निवडा. जुनी शिळा हाताशी होती आणि ती खांबाच्या उंचीला तशीच बसली, असले गवंड्याला पटणारे कारण कोणाला सांगू नका. आणखी एक गोष्ट आहे, पण तिला वेळ लागतो म्हणून आम्ही ती वगळली. सोळाव्या शतकात एक फ्रेंच विद्वान या शहरात जुन्या वास्तू शोधत फिरत होता. त्याला कळले की इथले लोक घराच्या तळघरातल्या भोकातून बादली सोडून पाणी काढतात, आणि पाण्याबरोबर मासेही. आपण एका बुडालेल्या महालावर राहतो, याचे त्या लोकांना काही नव्हते. रस्सा होत होता.

आता पायी उताराने एमिनोन्यूच्या धक्क्यावर. यासाठी खास प्रवासासाठी घेतलेले, एकदाही न वापरलेले बूट घाला. वाटेत बूट-पॉलिशवाला तुमच्या पुढ्यातून जाताना त्याचा ब्रश पडेल. आपल्यावर चांगले संस्कार झालेले आहेत, आपण तो उचलून धावत देऊ. तो इतका गहिवरेल की तुमच्या बुटांना पॉलिश केल्याशिवाय सोडणार नाही, आणि पॉलिश झाल्यावर त्याचा गहिवर ओसरून भाव सुरू होईल. भाऊजींचे बूट कापडी होते. तरीही झाले.

धक्क्यावर ‘बॉस्फरस, बॉस्फरस’ असा पुकारा चाललेला असतो. बॉस्फरस म्हणजे शहराच्या मधून जाणारी, युरोप आणि आशिया वेगळे करणारी सामुद्रधुनी. ज्या बोटीचा कर्णा सर्वांत मोठा तीच घ्या. दीड-दोन तासांत ती तुम्हाला दुसऱ्या पुलापर्यंत नेऊन आणते. डावीकडे दोल्माबाह्चे दिसेल. तिथे आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क १० नोव्हेंबर १९३८ ला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी वारले आणि त्या खोलीतले घड्याळ अजून तीच वेळ दाखवते. तुम्ही तुमच्या घड्याळाकडे पाहा, तक्त्यापेक्षा अकरा मिनिटे मागे आहात. पुढे सामुद्रधुनी सर्वांत अरुंद होते, जेमतेम ७०० मीटर. तिथे पुढच्याच वर्षी हे शहर जिंकणाऱ्या सुलतान मेहमेदने १४५२ साली चारेक महिन्यांत रुमेली हिसार हा किल्ला उभा केला आणि वर तोफा चढवल्या. चार महिन्यांत किल्ला हे ऐकून आपल्या गल्लीतल्या गटाराची आठवण काढण्याची प्रथा आहे, ती पाळा.

तोफ हा शब्दही त्यांच्याकडचाच. तुर्कीत ‘तोप’, आणि तोपकापी म्हणजे तोफ-दरवाजा. मुलुखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात ओतणाऱ्या कारागिराचे नाव मुहम्मद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे रूमचा, याच मुलखातला. भाऊजींना हे सांगितले तर ते म्हणाले, ‘‘मग विजापूरलाच बघितली असती की, एसटीने.’’

एक मात्र कटाक्षाने टाळा, ती म्हणजे सरकारी फेरीबोट. आम्ही चुकून बसलो. धक्के एकाला एक लागून आहेत, भाऊजींनी आत्मविश्वासाने कार्ड टेकवले आणि आम्ही वरच्या उघड्या डेकवर जागा पकडून गाईडची वाट पाहत बसलो. गाईड आला नाही. कर्णा नाही, निवेदन नाही. शेजारी एक बाई भाजीची पिशवी पायांत धरून डुलक्या घेत होती. समोर दोन कॉलेजची पोरे सिमित मोडून सीगलना घालत होती. सिमित म्हणजे तीळ लावलेले पावाचे कडे. सीगल बोटीबरोबर, बोटीच्याच वेगाने, हाताच्या अंतरावर हवेत टांगल्यासारखे. मांडव्याच्या लाँचवर हिवाळ्यात हेच चालते, फक्त तिथे कुरकुरे असतात. भाऊजी म्हणाले, ‘‘यासाठी एवढ्या लांब कशाला यायचे?’’ म्हणून आम्ही त्यांच्याकडे पाहिले नाही.

चहावाला तबक घेऊन फिरत होता. कंबरेत बारीक, वर फुललेला इवलासा काचेचा पेला, बशीत दोन साखरेचे चौकोन, चमचा पेल्यापेक्षा लांब वाटावा असा. पेल्याला कान नाही. काठाला दोन बोटांच्या चिमटीत धरायचा, कारण खाली भाजते. लालबुंद चहा, त्यातून पलीकडचे पाणी तांबडे दिसते. भाऊजींनी दूध मागितले. त्या माणसाने विचारले, ‘‘सूत?’’ आणि आजारी माणसाकडे पाहावे तसे पाहून म्हणाला, ‘‘योक.’’ नाही. चहा काळाच घ्यावा लागला. तो वाईट होता असे घरी सांगायचे ठरले आहे.

मागे तोपकापीचे टोक लहान होत गेले, पुढे हैदरपाशाचे जुने रेल्वे स्टेशन थेट पाण्यातून उगवल्यासारखे दिसले. युरोप संपून आशिया लागला तेव्हा भाजीवाल्या बाईने डोळेसुद्धा उघडले नाहीत. वीसेक मिनिटांनी बोट लागली. सगळे उतरले, आम्ही बसून राहिलो. खलाशी आला. भाऊजींनी विचारले, ‘‘टूर?’’ तो दाराकडे हात करून म्हणाला, ‘‘तमाम, तमाम.’’ तुर्कीत तमाम म्हणजे ठीक आहे. भाऊजींना ‘काम तमाम’ एवढेच ठाऊक. ते झटकन उठले.

तर ते कादिकोय. यादीत नव्हते. पाहण्यासारखे काही नाही. एक गल्ली भरून मासळी, आतले लाल गलफडे उलगडून मांडलेली. ऑलिव्हचे ढीग. लोणच्याच्या दुकानात पेलाभर लोणच्याचेच पाणी विकत मिळते, बिटाने गुलाबी झालेले, आंबट आणि तिखट. ते पिऊन बहिणीने डोळे मिटले आणि दुसरा पेला मागितला. आयरान म्हणून जे देतात ते निव्वळ मीठ घातलेले ताक. जेवणानंतर ‘हेसाप’ म्हटले की बिल येते. हिशोब हा शब्द तिथेही चालतो हे कळल्यावर भाऊजी तो विनाकारण तीन ठिकाणी बोलले. रस्त्याच्या मधोमध खुर्चीवर एक मांजर झोपले होते आणि माणसे वळसा घालून जात होती. आम्हीही घातला.

असे करत चार तास गेले. या चार तासांचे काय करायचे ते तक्त्यात कुठेच बसेना. परत आलो तेव्हा गलाता पुलाच्या कठड्यावर गळ टाकून माणसे रांगेने उभी होती, अंधार पडला होता आणि बुटांनी टाच सोलली होती. गलाता टॉवर राहिला. १३४८ सालचा आहे, राहू दे म्हटले. भाऊजींनी नेटवरून त्याचा एक चांगला फोटो उतरवून घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. डोंबिवलीहून मावशीचा लगेच निरोप आला, ‘‘अय्या, किती छान आलाय! तुम्ही कुठे उभे आहात यात?’’

भाऊजींनी लिहिले, ‘‘वर. दिसत नाही आहोत.’’