आनंद एकट्या डोपामिनचा नव्हे

ठाण्यातील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक संदेश आला: खाण्यातला आनंद म्हणजे डोपामिन हे मेंदूतले रसायन, एंडॉर्फिन हे दुसरे रसायन केवळ व्यायामाने तयार होते आणि ते खाण्याची ओढ मारते, आणि चोवीस तास आवडीचे सारे बंद ठेवले की मेंदू ‘रीसेट’ होतो, ज्याला हे जमत नाही त्याची इच्छाशक्तीच कमकुवत. हे तिन्ही दावे चुकीचे आहेत.

मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये डोपामिन जवळजवळ नष्ट केलेल्या उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. हे उंदीर स्वतःहून अन्नाला तोंड लावीत नव्हते, पण जिभेवर साखरेचे पाणी सोडले की पूर्वीसारखेच ओठ चाटत, आणि ही चव आवडल्याची खूण. म्हणजे डोपामिनचे काम प्रामुख्याने खाण्याची ओढ लावण्याचे आहे. चवीची गोडी वाटण्यात मेंदूतील नैसर्गिक ओपिऑइडांचा, म्हणजे एंडॉर्फिनसारख्या अफूच्या धर्तीवर काम करणाऱ्या रसायनांचा, मोठा वाटा आहे.

दुसरा दावा तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. एंडॉर्फिनच्याच कुळातले एन्केफॅलिन, जे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी १९७५ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळे केले, ते उंदीर चॉकलेट खाऊ लागताच मेंदूच्या स्ट्रायटम या भागात वाढते, असे मिशिगनमध्येच २०१२ साली दिसले. आणि तिथेच ओपिऑइडसारखे औषध टोचल्यावर उंदरांनी दुपटीहून अधिक चॉकलेट खाल्ले. ओठ चाटण्याची खूण मात्र वाढली नाही, म्हणजे या जागी ओपिऑइड गोडी न वाढवता ओढच वाढवत होते. तलावपाळीच्या कट्ट्यावर पोट भरल्यानंतरही हात भेळेच्या पुडीत जातो, तळाशी उरलेली ओलसर शेव बोटाने गोळा करतो, आणि चव मात्र पहिल्या घासाची राहिलेली नसते. हा अनुभव मला या प्रयोगाच्या फार जवळचा वाटतो.

उरला ‘रीसेट’. एका दिवसाच्या वर्ज्याने ही यंत्रणा कोरी होत नाही, आणि प्रश्न निव्वळ इच्छाशक्तीचा असता, तर ओपिऑइड पेशींवर जिथे चिकटतात ते ग्राहक (रिसेप्टर) अडवणारे नाल्ट्रेक्सोन हे औषध दारूच्या व्यसनावर उपयोगीच पडले नसते. अमेरिकेत त्यासाठी त्याला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. शिवाय वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता ती अचानक थांबवली, तर पहिल्या दोन दिवसांतच हातापायांना कंप सुटून आकडी येऊ शकते. आपल्या ग्रुपवर अशा घरातलीही माणसे आहेत, म्हणून तो संदेश पुढे पाठवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.