मराठी तीस

कॉम्प्युटर लॅबच्या दारात चप्पल काढताना आख्ख्या वर्गात निर्धास्त असा मी एकटाच होतो. साल २००२, एफवायबीएचा वर्ग, गाव तालुक्याचं. बाकीची पोरं पडदे लावलेल्या त्या थंडगार खोलीकडे ऑपरेशन थिएटरकडे बघावं तशी बघत होती. माझ्याकडे मात्र परीक्षा परिषदेचं 'मराठी तीस'चं सर्टिफिकेट होतं. मिनिटाला तीस शब्द! बारावीच्या सुट्टीत एसटी स्टँडमागच्या टायपिंग क्लासात करंगळ्या सुजवून मिळवलेलं. कॉम्प्युटर म्हणजे तरी काय, टाइपरायटरला जोडलेला टीव्ही, असं माझं साधं सरळ मत होतं.

कॉलेजात एसी दोनच होते. एक प्राचार्यांच्या केबिनमध्ये, एक लॅबमध्ये. प्राचार्यांचा बंद होता. लॅबमधल्या एसीच्या वाऱ्यावर मोज्यांचा वास वर्गभर समान वाटला जायचा. मॉनिटरवर दसऱ्याच्या झेंडूच्या वाळक्या माळा, सीपीयूवर कुंकवाचं स्वस्तिक. माउसच्या पोटातल्या रबरी गोळ्या मात्र गायब. पोरं त्या पळवून क्रिकेट खेळतात, असा सरांचा संशय होता (तो खरा होता). म्हणून गोळ्या सरांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असायच्या. तास सुरू झाला की रांगेत उभं राहायचं, वहीत सही करायची, एक गोळी घ्यायची. तास संपला की परत. सरकारी दवाखान्यातही इतका चोख हिशेब मी पाहिलेला नाही.

एका मशीनवर तिघं. पैकी एक चालवणार, दुसरा सांगणार, तिसरा खिडकीचा पडदा किलकिला करून बाहेर बघणार. चालवायला अर्थातच मी. दोन्ही हात नेमाने ठेवले, पाठ ताठ केली, आणि सुरू झालो.

"अरे, अरे! कीबोर्ड आहे तो, जातं नाही," सर धावत आले.

त्यांना काय सांगणार? टाइपरायटरवर तिसऱ्या कार्बनपर्यंत अक्षर उमटलं पाहिजे, हे आमच्या क्लासच्या सरांनी पट्टीने अंगात भिनवलं होतं. तिथे कळ कितीही वेळ दाबून धरा, अक्षर एकदाच पडतं. इथे पडद्यावर 'ममममममम' असं बकरीचं बारसं चाललेलं. त्यात लॅबमधला मराठी फॉन्ट इंग्रजी उच्चारांवर बेतलेला. माझी बोटं टाइपरायटरच्या जागी इमानाने जात होती आणि पडद्यावर तिसरंच काही उगवत होतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालापासून आहे, हे मला फार पुढे कळलं. आमच्या लॅबपर्यंत ती अकरा वर्षांत पोचली नव्हती. आमच्याकडे एसटीही उशिराच येते. मिनिटाला तीसचा वेग तीनवर आला. शेजारच्या मशीनवर कीबोर्ड जन्मात न पाहिलेला एक पोरगा एका बोटाने टिपून टिपून माझ्या पुढे गेला.

पण खरा घात केला बॅकस्पेसने. अर्जात 'विषय' या शब्दाखाली रेघ मारायची होती. टाइपरायटरवर सोपं असतं. बॅकस्पेस मारत गाडा मागे न्यायचा आणि शब्दाखाली रेघेची कळ मारत पुढे यायचं. बॅकस्पेसचं काम तिथे मागे नेणं एवढंच. लिहिलेलं पुसण्याची त्याची प्राज्ञा नसते. मी तीन वेळा बॅकस्पेस मारला आणि 'विषय' नाहीसा झाला. पुन्हा टाइप केला, पुन्हा मागे गेलो, पुन्हा नाहीसा. असं पाच वेळा झाल्यावर 'सांगणारा' मित्र शांतपणे म्हणाला, "लेका, तुझ्या अर्जाला विषयच नाही."

माउसबद्दल जास्त बोलत नाही. एकदा टेबल संपलं आणि पडद्यावरचा बाण अजून अर्ध्या वाटेवरच होता, तेव्हा मी खुर्ची मागे सरकवून टेबलाला पुढे ओढायला लागलो होतो, एवढं सांगितलं तरी पुरे.

महिन्याने सगळ्यांना परीक्षेसाठी एकच काम दिलं: प्राचार्यांना रजेचा अर्ज, फ्लॉपीवर सेव्ह करून. फ्लॉपी पंधरा रुपयांची, जागा १.४४ एमबी. एवढ्या जागेत माझ्या जन्मभराच्या रजा मावल्या असत्या. तोवर बोटं थोडी वळणावर आली होती. फक्त एक खोड सुटेना. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते, मग दांडी ढकलून गाडा पुढच्या ओळीवर आणायचा. कॉम्प्युटरला घंटी नाही. म्हणून मी ती मनात वाजवायचो आणि अंदाजाने प्रत्येक ओळीला एंटर मारायचो. ओळ आपोआप खाली येते, हे सरांनी सांगितलं असेलही. त्या दिवशी मी गोळीच्या रांगेत असणार. डावीकडे अर्जाच्या रिवाजाप्रमाणे एक तृतीयांश पान कोरं सोडलं. दिसायला अर्ज झकास झाला. सरांनी पंचवीसपैकी अठरा दिले आणि फ्लॉपी ठेवून घेतली.

कॉलेजच्या वार्षिक अंकाचं डीटीपीही त्याच लॅबमध्ये, त्याच फॉन्टमध्ये व्हायचं. पोरांच्या कविता फ्लॉपीवरूनच यायच्या. माझी फ्लॉपी त्या गठ्ठ्यात कशी गेली, हे आजवर कोणी कबूल केलेलं नाही. पेजमेकरमध्ये अर्ज अरुंद कॉलमात ओतला गेला, माझे एंटर जिथल्या तिथे राहिले, आणि प्रत्येक ओळीची शेपटी तुटून खाली लोंबली. वरचा मायना कोणीतरी जागेअभावी उडवला. मार्चमध्ये अंक हातात आला, तर पान ४१ वर, मोगऱ्याच्या वेलबुट्टीत, माझ्या नावासकट:

माझ्या थोरल्या बहिणीचे
लग्न
असल्याने घरी दुसरे
कोणी नाही.
तरी मला चार दिवसांची
रजा
मंजूर व्हावी
ही विनंती.
आपला
आज्ञाधारक

शीर्षक 'रजा'. ते कोणी दिलं, तेही माहीत नाही.

दोन दिवस मी कँटीनकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात मराठीच्या मॅडमनी गाठलंच. पळायला जागा नव्हती, खालून एनसीसीवाले येत होते.

"तुझी 'रजा' वाचली रे," मॅडम थांबून म्हणाल्या. "लग्नघर आहे आणि घरात कोणी नाही. काय पकडलंयस! रात्री दोनदा वाचली मी."

मी मान खाली घातली.

"फक्त ते शेवटचं 'आपला आज्ञाधारक' आहे ना," त्या जरा विचार करून म्हणाल्या, "ते उपरोधिक आहे हे सगळ्यांना नाही कळणार."