तेसुद्धा चढतायत!

‘अगं, ते बघ, तेसुद्धा चढतायत! आणि तू बसतेस काय?’

सिंहगडाच्या पाऊलवाटेवर एका काकांनी माझ्याकडे काठी रोखून एका कॉलेजच्या मुलीला हे ऐकवलं. मुलीनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि ताडकन उठली.

मी मुळात तिथे गेलो होतो पोकर या पत्त्यांच्या खेळापासून सुटका म्हणून. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, तेव्हापासून मी फुकटच्या चिप्सवर, म्हणजे पैशांऐवजी नुसत्या खोट्या नाण्यांवर खेळतो. फुकटच्या चिप्सची कुणाला फिकीर? सत्ती-दुर्रीसारखी रद्दी पानं हातात घेऊन लोक ऑल-इन जातात, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावतात, शेवटच्या पानावर जिंकतात आणि माझ्या एक्क्यांची जोडी मातीत जाते. रात्री दीड वाजता मी फोनवर ओरडलो, तेव्हा बायको म्हणाली, ‘एक दिवस तरी उन्हात जाऊन ये.’

स्वारगेटहून बस, आतकरवाडी, चढण. अर्ध्यात धाप लागली. दगडावर एक काका बसले होते. पांढरे बूट, कंबरेला पाऊच, वय सत्तरीच्या पलीकडचं.

‘काका, अजून किती?’

‘दहा मिनिटं.’

पापणी लवली नाही. समोरच्याचा ब्लफ ओळखतो असा माझा लौकिक आहे (माझ्यापुरता), आणि या माणसाच्या हातात खरंच चांगली पानं आहेत असं मी बिनदिक्कत ठरवलं. अर्ध्या तासानं तेच काका मागून आले.

‘दहा मिनिटं म्हणाला होतात ना?’

‘तुमच्या चालीनं नव्हतो म्हणालो.’

मग ते माझ्यासोबतच चालू लागले. काय करता, वजन किती, घरी कोण कोण. पोकरचं कळल्यावर थबकलेच. ‘पत्ते? फोनवर? पैसे मिळतात?’

‘आता नाही.’

‘मग कशाला खेळता?’

याला उत्तर नव्हतं. होतं, पण लांबलचक होतं. ऑक्टोबर 2023 पासून डिपॉझिटवर 28 टक्के जीएसटी भरला, जिंकलेल्यावर 30 टक्के टीडीएस कापून घेतला, आणि एवढं सगळं निमूट दिल्यावर एके दिवशी टेबलच उचलून नेलं. कोपऱ्यावरच्या टपरीत सरकारी लॉटरीची तिकिटं मात्र खुशाल लटकतायत. तो जुगार नव्हे, ते नशीब! पण चढावर एवढं बोलायला श्वास लागतो.

त्या मुलीनंतर काकांना माझा उपयोगच कळला. बसलेला माणूस दिसला की काठी माझ्याकडे. एक आई पोराला म्हणाली, ‘बघ, ते काका पण चढतायत.’ काका! मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. चेन्नईचा टी-शर्ट घातलेल्या एकानं तर टाळ्या वाजवल्या. मी मुद्दाम मागे रेंगाळलो, तर काकाही थांबले. ‘थांबू नका हो, तुमच्यामुळे लोकांना हुरूप येतो.’ पोकरमध्ये निदान फोल्ड तरी करता येतं, पानं टाकून डावातून सुटता येतं.

4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे हा गड कड्यावरून चढले. आम्हाला पायवाटेनं, दिवसाउजेडी, लिंबू सरबत पीत चढता येत नाही, याची मला लाज वाटायला हवी होती. पण पुणे दरवाजातून आत शिरलो तर समोर गाडीनं वर आलेली मंडळी इस्त्रीच्या कपड्यांत कांदाभजी खात होती, एकाच्या स्पीकरवर गाणी, कट्ट्याखाली पाण्याच्या बाटल्यांचा खच. लाज बाजूला राहिली, नुसतं डोकं फिरलं. एवढं चढायचं ते हे बघायला?

पिठलं-भाकरी सांगितली. काका समोर येऊन बसले आणि त्यांच्या रविवारच्या ग्रुपला हाक मारली. ‘हे बघा, म्हटलं होतं ना, तेच हे!’ सातआठ म्हाताऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सगळे ठणठणीत. एकालाही घाम नाही.

‘पुढच्या रविवारी येणार ना?’ काकांनी विचारलं.

‘नक्की,’ मी थेट त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो.

‘थापा मारू नका,’ काका म्हणाले आणि माझ्या मडक्यातलं उरलेलं दही चमच्यानं खरवडून घेतलं.