नख काळं पडलं म्हणून रनर होत नाही बाबा

सध्या आपल्या बेळगावातल्या रनिंगवाल्यांच्यात एक मेसेज फिरूलाय. नखं काळी पडल्याशिवाय खरा रनर नाही, फोड आला की फोडून वरची कातडी काढून टाका, शूज घट्टच पाहिजेत, आणि वर म्हणे अनवाणी पळा, इथिओपियाचा अबेबे बिकिला ऑलिम्पिक मॅरेथॉन तसाच जिंकला. नवीन पोरं हे खरं धरून बसलीत म्हणून लिहितोय.

नख काळं होतं ते मेहनतीने न्हवे, बोट बुटाच्या टोकाला आपटून आपटून नखाखाली रक्त साकळतं म्हणून. राजहंसगडावरून उतरताना बघा, चढताना काय वाटत नाही पण उतारावर पाय पुढे सरकतो आणि अंगठा ठोके खात बसतो. त्यात लांब पळलं की पाय सुजतो, म्हणून शूज संध्याकाळी घ्यायचे, पळायचे सॉक्स घालूनच ट्राय करायचे, आणि सगळ्यात लांब बोटापुढं (काहींचं ते अंगठ्याशेजारचं असतं) हाताच्या अंगठ्याएवढी जागा सोडायची. घट्ट पाहिजे ते घोट्यापाशी, त्यासाठी अगदी वरच्या भोकातून लेस ओवून आवळा. नखं सरळ कापा, कोपरे कोरत बसलात की नख मांसात घुसतं. अंगठ्याचं गेलेलं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष जातं, आता ह्यात मिरवायचं काय? मार न लागताच काळी रेघ आली आणि नख वाढलं तरी ती पुढं सरकत नसेल तर मात्र सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा.

फोड लहान असला तर हात लावू नका. मोठा असेल, पाय टेकवत नसेल, तर साबणाने धुऊन स्पिरिट लावलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढा, कातडी तशीच ठेवा, खालच्या कच्च्या चामड्याला तिचाच आधार असतो. शुगरवाल्यांनी घरी हे करूच नये.

पावसाचा त्या मेसेजात पत्ताच नाही, कुठल्यातरी कोरड्या गावात लिहिलाय वाटतं. जांबोटी रोडला जुलैत पळून बघा म्हणावं! कॉटनचे सॉक्स पाणी धरून ठेवतात, फोड तिथंच येतात, सिंथेटिक घ्या. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. खाज सुटून बेचकीतली कातडी पांढरी पडून सोलली तर बहुतेक फंगस, साधं क्लोट्रिमाझोल मलम चालतं, पण दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. मेडिकलवाला स्टेरॉईड मिसळलेली ट्यूब देत असेल तर नको म्हणा, खाज दबते आणि फंगस आत पसरतो.

राहिला बिकिला. 1960 ला रोममध्ये अनवाणी जिंकला, खरंय. पण आयुष्यभर बूट घातलेल्या पायांनी एकदम डांबरावर दहा किलोमीटर अनवाणी पळलात तर तळव्याच्या हाडाला चीर जायची. हौसच असेल तर व्हॅक्सिन डेपो मैदानाच्या गवतावर चार-पाच मिनिटांपासून सुरू करा. आणि 1964 ला टोकियोत तोच बिकिला बूट घालून पळाला, परत जिंकला, रोमपेक्षा तीन मिनिटं लवकर. हे मेसेजवाल्याने बरोबर गाळलंय.