वाया गेलेला पाऊस

रविवार सरून गेला तरी बूट वाळायचं नाव घेत नाहीत. आत कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे काढून आता तेच पिळायची वेळ आली आहे. तरी बुटांवर माझा राग नाही. सगळा राग एका छत्रीवर आहे. ती माझी नव्हती, म्हणून तर जास्त.

बेत साधा होता. बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटपासून कान्हेरीपर्यंत चालत जायचं, डांबरी रस्ता, सहा-सात किलोमीटर, लेण्यांत बसून डबे खायचे आणि यायचं परत. आमच्या कॅप्टनने (हुद्दा शाळेतल्या एनसीसीचा, तोही हंगामी) मोबाइल पाहून 'तुरळक सरी' जाहीर केल्या. त्यातली पहिली तुरळक सर अर्ध्या वाटेवर गाठली आणि मग तिने आमची पाठ सोडली नाही. दरम्यान डब्यांची पिशवी एका माकडिणीने अशा हक्काने नेली की क्षणभर आम्हालाच वाटलं, पार्सल तिच्याच नावाचं होतं. उरली ती माझ्या खिशातली बाकरवडीची पुडी.

मुंबईकराला पावसात भिजायला आवडतं म्हणतात. आवडतं, पण तो पाऊस वेगळा. कणीस भाजून होईस्तोवर थांबणारा, फोटोत दिसणारा आणि मोबाइलला न लागणारा. हा आडवा पाऊस होता. अशा पावसात रेनकोटचा उपयोग एवढाच, की आतला घाम बाहेर जात नाही.

धापा टाकत एका लेण्यात शिरलो तर आत कातळाच्या ओट्यावर एक काका बसलेले. कोरडे. म्हणजे ठणठणीत कोरडे. सदऱ्याची इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही. बसने वर आले असावेत. मांडीवर लाकडी मुठीची काळी छत्री, मिटलेली. तिच्यात आम्ही चौघं आणि वर एक माकड सहज मावलं असतं.

"किती पडला?" काकांनी विचारलं.

"भरपूर," कॅप्टन म्हणाला.

"भरपूर हे माप नाही. मिलिमीटरमध्ये सांगा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चौघांच्या चार पँटींतून चार ओहोळ निघून मधोमध त्यांचा संगम झाला होता. काकांनी त्या तळ्याकडे बघून मान हलवली.

"वाया गेला."

"कोण?"

"हा सगळा पाऊस! तुळशी तलाव त्या अंगाला आहे. जरा सरकून पडला असता तर कामी आला असता."

मी म्हटलं, "काका, आम्ही नखशिखान्त भिजलोय हो."

"कुठे भिजलात ते महत्त्वाचं. तलावक्षेत्रात भिजला असतात तर गोष्ट वेगळी."

एवढं ऐकून माणसाने गप्प बसावं. पण कॅप्टनला सवय आहे. तो म्हणाला, "तुळशी भरला की प्रश्न सुटेल ना पाण्याचा?" काका एवढ्याचीच वाट बघत होते. "तुळशी? अहो, तुळशीत मावतं ८,०४६ दशलक्ष लिटर. मुंबई ते दोन दिवसांत पिऊन टाकते. विहार जरा बरा, २७,६९८. पण सातही तलावांचा साठा धरा, १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर! त्यातला निम्मा एकट्या भातसाचा. पाऊस पडावा तर शहापूरकडे पडावा. बोरिवलीला पडून कोणाचं भलं झालंय?" बोलता बोलता हात माझ्या पुडीत. "बाकरवडी का? जरा सादळलीय." आणि खाल्ली. सादळलेली चार खाल्ली.

या शहरात पावसाबद्दल तक्रार करायची सोयच उरलेली नाही. भिजलो म्हणावं तर एक जण लगेच २६ जुलै २००५ काढतो. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, त्यापुढे तुमच्या ओल्या मोज्यांना कोण विचारतो? आणि त्याच्या तावडीतून सुटलात तर हे तलाववाले. माझ्या इमारतीत पाणी येतं पहाटे साडेचारला, करंगळीएवढी धार. मे महिन्यात टँकरची वर्गणी वेगळी. गच्चीवर 'पर्जन्यजल संधारण' अशी पाटी आहे, पाटीखाली एक पाइप आहे, आणि तो पाइप पुढे कुठे जातो हे सेक्रेटरीलाही ठाऊक नाही. म्हणजे आभाळाचं पाणी माझ्या बुटात, पाकिटात, आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या आतसुद्धा शिरतं. फक्त नळात शिरत नाही. आणि वर मीच आनंद मानायचा.

काका आता दाराजवळच्या टाक्याकडे वळले होते. "हे बघा. कातळात खोदलेलं. इथे लेण्यालेण्यापाशी टाकी आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी लोकांना पाणी साठवायचं कळत होतं. शिलालेखांत नोंदी आहेत, कल्याण-सोपाऱ्याची माणसं पाण्याची टाकी दान करायची. आज कल्याणला जाऊन बादलीभर मागून बघा!"

हे मात्र मला पटलं, आणि पटलं याचाच जास्त राग आला. शिवाय या लेण्यांत राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंचं आणखी एक शहाणपण काकांनी सांगितलं नाही, ते मीच सांगतो. पावसाळ्यात भटकायचं नाही, एका जागी वर्षावास करायचा, असा त्यांना नियमच होता. उरलेले नऊ महिने गावोगाव हिंडायचं आणि आभाळ फाटलं की गुहेत बसायचं. आम्ही नऊ महिने सोफ्यावर बसतो आणि जुलै लागला की बूट घालतो.

अखेर बसची वेळ झाली. बाहेर धार तशीच. काका उठले, छत्री उघडली. काय ती छत्री! उघडल्यावर लेण्यात अंधार झाला. मी जवळजवळ लाचारीने म्हटलं, "काका, खालपर्यंत एकाला तरी घ्या ना छत्रीत."

काकांनी मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. त्यात दुष्टावा नव्हता, हिशेब होता.

"तुम्ही तर भिजलेलेच आहात," ते म्हणाले. "ओल्याला छत्रीत घेऊन काय मिळणार? उलट मी भिजेन."

आणि गेले. पायऱ्यांवरून, घसरू नये म्हणून एकेक पाऊल मोजत, संपूर्ण छत्रीच्या मधोमध. मागून आम्ही चौघं. छत्रीच्या काड्यांवरून जे पाणी निथळत होतं तेही माझ्याच खांद्यावर. हे पाणी कोणत्या तलावक्षेत्रात धरायचं, असं विचारणार होतो, पण त्यांनी उत्तर दिलं असतं.

बसमध्ये कॅप्टनने त्यांचा नंबर घेतला. का, ते विचारू नका. आता काका आमच्या ग्रुपवर आहेत. रोज पहाटे सहाच्या आत सातही तलावांची टक्केवारी येते, खाली टीप असते, आणि कोणी अंगठा दाखवला नाही तर दुपारी तीच टक्केवारी पुन्हा येते. काल त्यांनी पुढची सहल भातसाच्या बाजूला काढावी असं सुचवलं, म्हणजे निदान योग्य ठिकाणी भिजाल म्हणे. तिघांनी होकार कळवलाय. बाकरवडी मी आणायची आहे, या खेपेला हवाबंद डब्यात.