संतपदाखाली झाकले गेलेले डॉक्टर

व्हेनेझुएलाचे डॉ. होसे ग्रेगोरिओ एर्नांदेस यांना 19 ऑक्टोबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी संत म्हणून घोषित केले. त्याच सोहळ्यात धर्मभगिनी कार्मेन रेंदिलेस यांनाही संतपद मिळाले आणि हे दोघे त्या देशाचे पहिले संत ठरले. त्या निमित्ताने जे काही वाचायला मिळाले त्यातील बहुतेक मजकूर चमत्कारांविषयी होता. कॅथलिक चर्चच्या संतपदाच्या प्रक्रियेत मृत्यूनंतरचे चमत्कार तपासले जात असल्यामुळे त्यात नवल नाही. तरीही मला जे वाटते ते श्रद्धाळू मित्रांना कदाचित रुचणार नाही: मृत्यूनंतरच्या चमत्कारांच्या गर्दीत या माणसाची डॉक्टरकी हरवली आहे, आणि त्यांची श्रद्धा जर कुठे स्पष्ट दिसत असेल तर ती त्या डॉक्टरकीतच दिसते.

व्हेनेझुएलात घरोघरी त्यांची मूर्ती असते. काळा सूट, काळी हॅट, बारीक मिशी, हात पाठीमागे बांधलेले. 1917 मध्ये न्यूयॉर्कला गेले असताना काढलेल्या छायाचित्रावरून हे रूप घेतलेले आहे. संतांच्या मूर्तींमध्ये झग्याऐवजी सूट घातलेली मूर्ती विरळाच, आणि हा सूट त्यांनी स्वतः शिवलेला असण्याचीही शक्यता आहे, कारण ते शिवणकाम शिकले होते आणि आपले कपडे आपणच शिवत, असे त्यांच्याविषयी सांगतात. पियानोही वाजवत. म्हणजे वैराग्याच्या ठरावीक साच्यात हा गृहस्थ सहजी बसणारा नव्हता.

26 ऑक्टोबर 1864 रोजी त्रुहियो प्रांतातील इस्नोतू या डोंगराळ खेड्यात त्यांचा जन्म झाला. आई त्यांच्या लहानपणीच गेली. त्यांना वकील व्हायचे होते, पण वडिलांच्या सांगण्यावरून त्यांनी वैद्यकाचा अभ्यास घेतला आणि 29 जून 1888 रोजी राजधानी काराकास येथे डॉक्टरकीची पदवी मिळवली. पदवी हातात पडताच ते गावाकडे परतले. तिथून त्याच वर्षी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी जी तक्रार केली आहे, ती मला त्यांच्या साऱ्या चरित्राची किल्ली वाटते. रोगी बरे होत आहेत, पण इथल्या लोकांना बरे करणे फार अवघड आहे, असे ते लिहितात. कारण करणीवर, काळ्या कोंबड्यांवर आणि काळ्या गायींवर, गूढ शब्द पुटपुटून केलेल्या उपायांवर त्यांचा विश्वास आहे, आणि या समजुतींशी आधी झगडावे लागते. हे लिहिणारा तेवीस वर्षांचा तरुण पक्का आस्तिक होता. देवावर विश्वास आणि करणीवर अविश्वास या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकींच्या आड येत नव्हत्या.

पुढच्याच वर्षी सरकारने त्यांना पॅरिसला पाठवले. ज्यांना पुढे 1913 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले त्या शार्ल रिशे यांच्या हाताखाली त्यांनी शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास केला, ऊतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र आत्मसात केले आणि 1891 मध्ये प्रयोगशाळेची उपकरणे घेऊन ते मायदेशी आले. काराकासच्या विद्यापीठात त्यांनी हे विषय शिकवायला सुरुवात केली. तोवर पुस्तक पाठ करून डॉक्टर होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पुढ्यात आता सूक्ष्मदर्शक आला. 1906 मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रावरचे त्यांचे पाठ्यपुस्तकही प्रसिद्ध झाले. भाविकांच्या पुस्तिकांमध्ये या भागाला दोन ओळी मिळतात, याची मला खंत वाटते. जंतू डोळ्यांनी दाखवून शिकवणारा शिक्षक गरिबांना फुकट औषध देणाऱ्या दात्यापेक्षा कमी पुण्यवान का मानावा?

पण त्यांना लोकांनी आपले मानले ते घरोघरी जाण्यामुळे. पहाटे उठून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायचे, मग गरीब वस्त्यांतील रुग्णांच्या घरी, दुपारी स्वतःच्या घरी रोगी तपासायचे आणि विद्यापीठातील तासही घ्यायचे, असा त्यांचा दिवस असे. ते अविवाहित होते आणि ला पास्तोरा भागात बहिणीबरोबर राहत. पैसेवाल्या घरांतही त्यांना बोलावणे असे, पण गरिबाकडून ते पैसे घेत नसत आणि पुष्कळदा औषधाचा खर्चही स्वतःच्या खिशातून करत. जो डॉक्टर घरात येतो त्याला चूल दिसते, ओल आलेली भिंत दिसते, एका खाटेवर किती जण झोपतात ते दिसते, आणि चिठ्ठीवर लिहिलेले औषध या घरात विकत येणार आहे की नाही हेही कळते. ही माहिती निदानाचाच भाग आहे. ती मिळवायला करुणा लागते असे आपण म्हणतो, पण मुळात वेळ लागतो, आणि तोच रुग्ण, तेच घर वर्षानुवर्षे पाहण्याची तयारी लागते. यात भाबडेपणा नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 9 देशांतील 22 अभ्यास तपासले गेले आणि त्यांपैकी 18 अभ्यासांत असे आढळले की ज्यांना सातत्याने त्याच डॉक्टरकडून उपचार मिळतात त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण कमी असते. कारण-परिणामाचा धागा अशा अभ्यासांतून पूर्णपणे सुटत नाही, हे मान्य. पण एर्नांदेस ज्या रीतीने काम करत होते ती नुसती सज्जनपणाची रीत नव्हती, ती चांगल्या वैद्यकाचीही रीत होती, एवढे म्हणायला हा आधार पुरेसा आहे.

त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी रुग्णांपेक्षा सहकाऱ्यांसमोर लागली. 1904 मध्ये व्हेनेझुएलाची राष्ट्रीय वैद्यक अकादमी स्थापन झाली आणि एर्नांदेस तिच्या संस्थापक सदस्यांत होते. लवकरच लुईस राझेत्ती या दुसऱ्या नामवंत डॉक्टरांनी, जे उत्क्रांतिवादाचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि धर्माला मानत नव्हते, अकादमीने उत्क्रांतीचा सिद्धान्त अधिकृतपणे स्वीकारावा असा आग्रह धरला. एर्नांदेस यांनी आपण निर्मितिवादी, म्हणजे जीवसृष्टी देवाने निर्माण केली असे मानणारे, आहोत हे लपवले नाही. मात्र अकादमीने आपली बाजू घ्यावी असेही ते म्हणाले नाहीत. कोणतेही गृहीतक संस्थेने तत्त्व म्हणून अंगीकारू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. उत्क्रांतीच्या प्रश्नावर राझेत्ती बरोबर होते आणि एर्नांदेस चुकले, याविषयी मला शंका नाही. पण आपली श्रद्धा मतदानाने इतरांवर लादण्याचा मोह ज्याला होत नाही, असा श्रद्धाळू माणूस मला त्या काळातच काय, आजही दुर्मीळ वाटतो.

या सगळ्यात त्यांना स्वतःला मात्र डॉक्टर राहायचेच नव्हते. 1908 मध्ये सगळे सोडून ते इटलीतील लुक्काजवळच्या फार्नेता येथील, एकांत आणि मौन पाळणाऱ्या कार्थुशियन संन्याशांच्या मठात दाखल झाले, मार्सेलो हे नाव घेतले, आणि तेथील थंडी व कष्ट शरीराला न झेपल्यामुळे काही महिन्यांतच परत आले. 1913 मध्ये पुरोहित होण्यासाठी रोमला गेले, तर छातीच्या आजाराने पुन्हा माघारी यावे लागले. चरित्रकार याला ईश्वरी योजना म्हणतात. मला त्यात एका माणसाची निराशा दिसते, जी त्याने कुरकुर न करता पचवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रोगी तपासायला घेतले.

29 जून 1919 रोजी, म्हणजे पदवी मिळाल्याला बरोबर 31 वर्षे झाली त्या दिवशी, एका गरीब वृद्धेसाठी औषध घेऊन निघालेले असताना मोटारीचा धक्का लागून ते पडले आणि त्यातच गेले. अंत्ययात्रेला अवघे काराकास लोटले.

त्यानंतर जे घडले त्याने मी अस्वस्थ होतो. चर्चची संतपदाची प्रक्रिया 1949 मध्ये सुरू झाली, 1986 मध्ये त्यांना ‘वंदनीय’ ही पदवी मिळाली आणि 2021 मध्ये ‘धन्य’ ही; या दोन्ही संतपदाआधीच्या पायऱ्या. दरम्यान मारिया लिओन्सा या लोकदेवतेला भजणाऱ्या व्हेनेझुएलातील पंथाने त्यांना आपल्या दैवतांच्या ‘वैद्यकीय दरबारात’ बसवले. अंगात येण्याच्या विधींत अंगात येणारी माणसे त्यांचा आत्मा बोलावू लागली आणि त्यांच्या नावाने अदृश्य शस्त्रक्रिया होऊ लागल्या. गूढ शब्द पुटपुटून केलेल्या उपायांना कंटाळलेल्या त्या तरुण डॉक्टरचे हे काय झाले! लोकांना मी दोष देत नाही. जिथे दवाखाना नाही किंवा दवाखान्यात औषध नाही, तिथे माणसे मूर्तीसमोरच रांग लावणार. पण ती रांग पाहून ज्यांना भक्तीचे भरते येते, त्यांनी त्या रांगेत डॉक्टरांचा अभावही पाहावा, असे मला वाटते.

त्यांच्याविषयीच्या साक्षींमध्ये मी सर्वांत जास्त वजन राझेत्ती यांच्या साक्षीला देतो, कारण तिला भक्तीचा रंग नाही. एर्नांदेस गेल्यावर त्यांच्या या वैचारिक विरोधकाने लिहिले की वैद्यकी हे मानवी वेदनेचे पौरोहित्य आहे असे ते मानत, आणि इतरांच्या चुकांविषयी त्यांच्या मनात सहिष्णुता होती. त्यांची कीर्ती कशावर उभी होती हेही राझेत्ती यांनी क्रमाने सांगितले आहे: त्यांचे शास्त्रज्ञान, त्यांचे कौशल्य, त्यांचा प्रामाणिकपणा आणि त्यांचा अपार त्याग.