साहित्यकृतीच्या बाहेर जाऊन केलेले वाचन

साहित्यकृती स्वयंपूर्ण असते, तिच्याबाहेर जाण्याची गरज नाही, हा विचार मला पटत नाही. संहिता आधी बारकाईने वाचली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु त्या वाचनातून उठणारे कितीतरी प्रश्न संहितेत सुटत नाहीत, आणि ते तसेच सोडले तर कृती अर्धीच कळते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ पाहा. सावकार, कुळकर्णी आणि कचेऱ्यांवरचा त्यातील संताप आजच्या वाचकाला कित्येकदा अतिशयोक्त वाटतो. इतिहास मात्र असे सांगतो की, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडचा कापूसपुरवठा तुटला, मुंबई इलाख्यातील कापसाला एकाएकी भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले, पुढे सरकारने शेतसाराही वाढवला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले, त्यामागे एवढे सगळे होते. हे कळल्यावर असूड पुन्हा वाचावा. मग त्यातली वर्णने साक्षीसारखी वाटू लागतात, आणि अविद्येला साऱ्या अनर्थांचे मूळ ठरवणाऱ्या उपोद्घातातील ज्या ओळी आपण शाळेपासून सुभाषितासारख्या म्हणत आलो, त्यांच्यामागे न वाचता आलेल्या रोख्यावर अंगठा उठवणारा माणूस दिसतो.

विज्ञानातही हेच घडते. कोणतेही यंत्र मिळालेली सगळी उष्णता सतत कामात बदलू शकत नाही, हा उष्मागतिकीचा दुसरा नियम विद्यार्थी पाठ करतात. पण वाफेच्या यंत्रात उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम मिळू शकेल, हा प्रश्न सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये मांडला होता, हे कळले की तो नियम कशासाठी शोधावा लागला ते उमगते.

मात्र संहितेबाहेरचा हा शोध वाचताना अडलेल्या जागेपासून सुरू व्हावा, असा माझा आग्रह आहे. पार्श्वभूमी आधीच पाठ करून गेलेल्या वाचकाला कृती म्हणजे त्या माहितीचा नुसता पुरावा वाटते, आणि फुले यांच्या गद्याची धार तर कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. शेतकऱ्यांच्या उठावानंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जापासून दिलासा देण्यासाठी कायदा केला. असूड वाचणाऱ्याने तो जरूर पाहावा. कारण कायदा होऊन चार वर्षे लोटल्यावरही फुले यांना हे पुस्तक लिहिणे का भाग पडले, हा प्रश्न त्याशिवाय मनात येतच नाही.